घरचा जमाखर्च बसवताना: प्रत्येक रकमेला आधी तारीख विचारा

पगार जमा होतो त्या दिवशी खात्यात 50,000 दिसतात आणि घरात सगळ्यांना वाटतं, आपल्याकडे 50,000 आहेत. तेवढे नसतात. त्यातले काही परवाच्या घरभाड्याचे असतात, काही पाच महिन्यांनी भरायच्या शाळेच्या फीचे, काही अजून न आलेल्या आजारपणाचे, काही आपल्या म्हातारपणाचे. आणि काही तर गेल्या वर्षीच खर्चून झालेले असतात, त्यांचा हप्ता तेवढा आज जातो. (इथले आकडे कुठल्याही चलनाचे समजा. बघायचं ते त्यांचं एकमेकांशी प्रमाण.)

हे मला उमगायला संसाराची सहा-सात वर्षं जावी लागली. आम्ही दोघंही कमावत होतो, उधळपट्टी कुणाचीच नव्हती, तरी दर तीन-चार महिन्यांनी ओढाताण ठरलेली. वही लिहायला लागल्यावर लक्षात आलं की सप्टेंबरचे पैसे आम्ही जूनमध्येच खर्चून बसत होतो. म्हणून घरखर्च पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते: रक्कम दिसली की ती कोणत्या तारखेची आहे ते विचारा. पुढच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे याच प्रश्नाचं उत्तर टप्प्याटप्प्याने शोधणं आहे.

पहिली पायरी: महिनाभर फक्त लिहा

पहिल्याच दिवशी काटकसरीचे बेत आखू नका. एक महिना जसा खर्च होतो तसा होऊ द्या आणि फक्त लिहा. वही असो, मोबाइलमधलं ॲप असो की संगणकावरचा तक्ता, ज्यात हात सहज जाईल ते घ्या. माझ्या वहीत चार रकाने आहेत: तारीख, रक्कम, कशावर, आणि कुणी केला. चौथा रकाना दोष शोधायला नाही. खर्च कुणाच्या हातून होतो ते कळलं की त्याच्या हातात दरमहा किती ठेवायचे तेही ठरवता येतं.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. नोंद त्याच रात्री करा, कारण तिसऱ्या दिवशी आठवतात ते फक्त मोठे खर्च. आणि ‘एटीएममधून काढले 2,000’ अशी नोंद करू नका. पैसे काढणं हा खर्च नाही, ते कुठे गेले हा खर्च. ‘किरकोळ’ नावाच्या सदरावरही नजर ठेवा. माझ्या पहिल्या महिन्याच्या वहीत सगळ्यात मोठ्या तीन सदरांत एक ‘किरकोळ’ होतं. ते फोडून लिहिल्यावर त्यात आपोआप नूतनीकरण होणारी तीन सभासदत्वं सापडली. त्यातलं एक वर्षभर कुणी उघडूनही पाहिलं नव्हतं.

हाताने हिशोब लिहायची ही रीत जुनी आणि पारखलेली आहे. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी 1904 मध्ये घरखर्चाची छापील वही काढली, आणि ‘काकेइबो’ या नावाने ती पद्धत आजही वापरात आहे. महिन्याच्या सुरुवातीला किती येणार, किती वाचवायचे हे लिहायचं, आणि शेवटी काय जमलं, काय बदलायचं हे स्वतःच्या अक्षरात नोंदवायचं. साधी गोष्ट आहे, पण लिहिताना हात थबकतो तिथे विचार होतो.

दुसरी पायरी: आज आपण कुठे उभे आहोत

एका कागदाचे दोन भाग करा. डावीकडे जे आहे ते: खात्यातली शिल्लक, ठेवी, गुंतवणूक, सोनं, घर, गाडी. उजवीकडे जे देणं आहे ते: घराचं कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी, नातेवाइकांकडून हातउसने घेतलेले. डावीकडून उजवीकडचं वजा केलं की उरतं ते तुमचं निव्वळ मूल्य. गाडीची किंमत घेतानाची नाही, आज विकली तर येईल ती धरा. आकडा उणे आला तरी घाबरू नका. नुकतंच शिक्षण संपवून, कर्ज फेडत उभ्या राहणाऱ्या घरात तो बहुधा उणेच असतो. दर वर्षी एकाच तारखेला हा कागद नव्याने करा आणि तो कोणत्या दिशेने सरकतोय एवढंच पाहा. पगार वाढूनही तो जागचा हलला नसेल, तर वाढलेला पैसा राहणीमानाने खाल्ला असं समजा.

तिसरी पायरी: वर्षाचे खर्च महिन्यात आणा

नवखी माणसं नेमकी इथे चुकतात, म्हणून जरा थांबून सांगते.

महिन्याचं अंदाजपत्रक मांडताना आपण भाडं, किराणा, वीज, प्रवास एवढं लिहितो आणि बेरीज पगाराच्या आत बसली की निर्धास्त होतो. मग विम्याचा वार्षिक हप्ता येतो. शाळेची फी येते. गाडीचं काम निघतं. आपण म्हणतो, ‘या महिन्यात अचानक खर्च आला.’ यात अचानक काय होतं? विम्याच्या हप्त्याची तारीख वर्षभर आधी ठाऊक होती. गाडी कधी बंद पडेल ते सांगता येत नाही, पण वर्षातून एकदा ती पैसे मागणार हे नक्की असतं.

आमच्या घरी एका वर्षी फी आणि विमा एकाच पंधरवड्यात आले. खात्यात पुरेसे नव्हते, म्हणून कार्डावर भरले आणि ते फेडता फेडता पुढचे सात महिने गेले. त्या सात महिन्यांत घरात पैशावरून जी बोलाचाली झाली ती व्याजापेक्षा महाग पडली.

त्यानंतर मी एक यादी केली. तीच तुमच्या आकड्यांनी करा. विमा 18,000, शाळेची फी 24,000, गाडी आणि घरातली दुरुस्ती 9,000, प्रवास आणि भेटवस्तू 15,000. बेरीज 66,000. भागिले बारा, म्हणजे महिन्याला 5,500. ही रक्कम पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या बचत खात्यात जायला हवी, आणि त्या खात्याचं कार्ड पाकिटात ठेवायचं नाही. 50,000 मिळवणाऱ्या घराचे खरे पैसे त्यामुळे 44,500 आहेत. हा आकडा पहिल्यांदा पाहताना वाईट वाटतं, पण खरा तोच.

वर्षाच्या मधेच सुरुवात करत असाल तर जो खर्च सगळ्यात जवळ आहे त्याला उरलेल्या महिन्यांनी भागा. पहिलं वर्ष अंगावर येतं, दुसऱ्या वर्षापासून गाडी रुळावर येते.

चौथी पायरी: महिन्याची वाटणी

किती कशावर खर्चावे याचं एक सूत्र बरंच प्रचलित आहे: हातात येणाऱ्या पैशातले 50 टक्के गरजांवर, 30 टक्के हौसेवर, 20 टक्के बचत आणि कर्जफेडीवर. अमेरिकेतल्या एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी यांनी 2005 मध्ये ते लोकांपुढे मांडलं. सुरुवातीला माप म्हणून ते चांगलं आहे, पण त्याला देववाक्य मानू नका. उत्पन्न कमी असेल तर गरजाच 70 टक्के खातात आणि त्यात त्या घराचा काही दोष नसतो. अशा घरात 5 टक्के बाजूला पडले तरी ती खरी बचत आहे. उलट उत्पन्न भरपूर असेल तर 20 टक्क्यांवर समाधान मानायचं कारण नाही.

टक्क्यांपेक्षा क्रम महत्त्वाचा. महिनाअखेरीला उरेल ते वाचवू म्हटलं तर काही उरत नाही, कारण समोर दिसणाऱ्या पैशाला पाय फुटतात. बचत पहिल्या तारखेला, बँकेला सूचना देऊन, आपोआप वेगळी व्हायला हवी. राहील त्यात महिना काढायचा.

खाती वेगळी ठेवायला मी आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. पैसा सगळा सारखाच, पण माणूस त्याला मनातल्या मनात चिठ्ठ्या लावतो आणि चिठ्ठी बघून वागतो. 2017 सालचं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी या मनातल्या हिशोबाचा अभ्यास केला. बोनस मिळाला की हात सैल सुटतो आणि पगार मात्र जपून वापरला जातो, हा तोच प्रकार. ही सवय मोडण्यापेक्षा कामाला लावावी. खात्याला ‘शाळेची फी’ असं नाव दिलं की त्यातून सहलीला पैसे काढताना मन खातं.

ज्यांचं उत्पन्न दरमहा सारखं नसतं, त्यांनी गेल्या बारा महिन्यांची कमाई लिहून काढावी आणि त्यातल्या कमी कमाईच्या महिन्यांवरून स्वतःचा एक ‘पगार’ ठरवावा. सगळी कमाई एका खात्यात येऊ द्यावी आणि तिथून दर पहिल्या तारखेला घरखर्चाच्या खात्यात तेवढीच रक्कम जावी. चांगल्या महिन्याचं जास्तीचं पाणी तिथेच साठतं आणि कोरड्या महिन्यात उपयोगी पडतं.

पाचवी पायरी: ज्याची तारीख माहीत नाही तो पैसा

नोकरी जाणं, आजारपण, घरच्यांसाठी तातडीचा प्रवास. हे कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून हा पैसा कायम तयार हवा. किती, ते पगारावरून न ठरवता खर्चावरून ठरवा. टाळताच येणार नाही असा महिन्याचा खर्च काढा (हप्ते धरून). तो 28,000 असेल तर तीन महिन्यांचे 84,000 आणि सहा महिन्यांचे 1,68,000. दोघं कमावते आणि नोकऱ्या पक्क्या असतील तर तीन महिने चालतील. एकट्यावर घर असेल किंवा उत्पन्न अनियमित असेल तर सहाच्या खाली राहू नका.

मोठा आकडा बघून हातपाय गाळू नका. आधी एका महिन्याचे जमवा. अडचणीच्या वेळी उसनवारीसाठी फिरायची पाळी तेवढ्याने बऱ्याचदा टळते.

हा पैसा ठेवायचा कुठे? जिथून एक-दोन दिवसांत, मुद्दल न घटता हाती येईल तिथे. त्याच्यावर व्याज कमी मिळतं अशी तक्रार करू नका, त्याचं काम वेगळं आहे. आणि सवलतीत मिळणारा टीव्ही ही अडचण नाही.

सहावी पायरी: कर्ज, म्हणजे पुढच्या तारखेचा पैसा आज वापरणं

कर्ज वाईटच असं मी म्हणणार नाही. घरासाठी, शिक्षणासाठी ते घ्यावंच लागतं. पण त्याचं गणित समजून घेतल्याशिवाय सही करू नये.

सगळ्यात घातक असते ती क्रेडिट कार्डाची थकबाकी. समजा 10,000 थकले आहेत, व्याज महिन्याला 3 टक्के आणि ‘किमान देय रक्कम’ 5 टक्के. पहिल्या महिन्यात 300 व्याज चढून 10,300 होतात, तुम्ही 515 भरता, उरतात 9,785. असं वर्षभर इमानदारीने, नवी खरेदी न करता भरत राहिलात तर बारा महिन्यांत तुमच्या खिशातून सुमारे 5,500 जातात आणि देणं उरतं सुमारे 7,700. म्हणजे साडेपाच हजार भरून कर्ज घटलं जेमतेम 2,300. महिना 3 टक्के ऐकायला हलकं वाटतं, पण ते चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या पुढे जातं. कार्ड वापरायचं तर दर महिन्याला पूर्ण बिल भरायचं. ते जमत नसेल तर कार्ड घरी ठेवायचं.

दुसरी गोष्ट व्याजदर सांगण्याच्या पद्धतीची. 12,000 कर्ज, मुदत एक वर्ष, ‘फक्त 10 टक्के सरळ दर’. व्याज 1,200, म्हणून हप्ता 1,100. वाटतं 10 टक्के, पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 12,000 वर लावलेलं असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर सुमारे 18 टक्के होतो. म्हणून कर्ज देणाऱ्याला स्पष्ट विचारा: दर घटत्या शिलकीवर आहे का, आणि सगळे आकार धरून मी एकूण किती परत करणार?

लांब मुदतीच्या कर्जाची गंमत निराळी. 1,00,000 कर्ज, 9 टक्के, 20 वर्षं. हप्ता सुमारे 900. पहिल्या हप्त्यातले 750 व्याजात जातात, मुद्दल घटते फक्त 150 ने. वीस वर्षांत एकूण सुमारे 2,16,000 भरले जातात. आता हाच हप्ता पहिल्यापासून 1,000 केला, म्हणजे महिन्याला फक्त 100 जास्त, तर कर्ज साधारण साडेपंधरा वर्षांत फिटतं आणि सुमारे 30,000 वाचतात. सुरुवातीच्या वर्षांत भरलेली जास्तीची रक्कम सरळ मुद्दलावर पडते, तिचा हा परिणाम.

एकापेक्षा जास्त कर्जं असतील तर सगळ्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेवून जास्तीचा पैसा सर्वात जास्त व्याजाच्या कर्जावर टाका. गणिताने हेच स्वस्त. काही जण सगळ्यात लहान कर्ज आधी संपवतात, म्हणजे एक तरी ओझं उतरल्याचा धीर येतो. व्याजाच्या दरांत फार फरक नसेल तर तसं करायलाही माझी हरकत नाही. अर्धवट सोडलेल्या हुशार योजनेपेक्षा तडीस गेलेली बरी.

सातवी पायरी: विमा

ज्याच्या कमाईवर घर चालतं त्याचा जीवनविमा, आणि सगळ्यांचा आरोग्यविमा. जीवनविमा किती रकमेचा, याचा साधा हिशोब: मुलं पायावर उभी राहीपर्यंत जितकी वर्षं आहेत तितक्या वर्षांचा घरखर्च, अधिक सगळी कर्जं, वजा हाताशी असलेली बचत. ज्याच्यावर कुणीच अवलंबून नाही त्याला बहुधा जीवनविम्याची गरज नसते. विमा आणि गुंतवणूक एकाच योजनेत घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही एकत्र केलं की संरक्षण किती रकमेचं मिळतंय आणि परतावा किती, हे दोन्ही धूसर होतं. अर्जात जुना आजार लपवू नका. दावा नाकारला जाण्याचं ते एक मोठं कारण असतं, आणि ते कळतं तेव्हा दुरुस्त करायला वेळ उरलेला नसतो.

आठवी पायरी: लांबच्या तारखेचा पैसा

वर्षाचे खर्च सुटले, अडचणीसाठीची गंगाजळी झाली, महागडं कर्ज फिटलं, की मगच इकडे वळा.

एक आकडा पाठ करून ठेवा: 72. व्याजाच्या दराने 72 ला भागलं की पैसा दुप्पट व्हायला लागणारी साधारण वर्षं मिळतात. 8 टक्क्यांनी 9 वर्षं. इटलीतला गणितज्ञ लुका पाचोली याने 1494 मध्ये छापलेल्या ग्रंथात हा नियम दिला आहे. हाच नियम उलटाही चालतो. महागाई 6 टक्के असेल तर 12 वर्षांत वस्तूंच्या किमती दुप्पट, म्हणजे कपाटात नुसत्या ठेवलेल्या नोटांची किंमत निम्मी. म्हणून ठेवीवर 5 टक्के आणि महागाई 6 टक्के असेल तर पासबुकातला आकडा वाढूनही आपण मागेच सरकतो.

वेळेची ताकद बघा. महिन्याला 100 टाकले, वर्षाला 8 टक्क्यांनी वाढले, तर 20 वर्षांत 24,000 भरून सुमारे 59,000 होतात. आणखी दहा वर्षं चालू ठेवले तर 36,000 भरून सुमारे 1,49,000. शेवटच्या दहा वर्षांत आपण टाकले फक्त 12,000, बाकीचं काम आधी साठलेल्या पैशाने केलं. पंचविशीतल्या माणसाला मी हा हिशोब स्वतः कागदावर करायला लावते.

कुठे गुंतवायचं हे पुन्हा तारखेवरून ठरतं. तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअर बाजारात नको. बाजार 50 टक्के पडला तर मूळ जागी यायला पुढे 100 टक्के चढावा लागतो, आणि तोवर थांबायला तुमच्याकडे वेळ नसतो. पंधरा वर्षांनी लागणाऱ्या पैशाला मात्र असे चढउतार सोसता येतात. सगळं एकाच ठिकाणी ठेवू नका. एका कंपनीचे शेअर घेण्यापेक्षा बाजाराचा निर्देशांक (बऱ्याच कंपन्यांच्या शेअरभावांचा एकत्रित आकडा) जसाच्या तसा धरणारा, कमी खर्चाचा फंड नवख्याला बरा. खर्चाकडे मुद्दाम लक्ष द्या, कारण परतावा कमी-जास्त होतो, शुल्क मात्र दर वर्षी कापलं जातं. आणि जो कुणी मोठ्या, पक्क्या परताव्याची हमी देऊन ‘आजच ठरवा’ म्हणतो, त्याच्यापुढून उठून या.

घरात एकदा सगळ्यांनी बसायचं

हिशोब एकाच्याच डोक्यात असला की दोन प्रकारे त्रास होतो. ज्याला माहीत आहे तो एकटाच काळजी वाहतो, आणि उद्या त्याला काही झालं तर बाकीच्यांना खाती कुठे आहेत हेही ठाऊक नसतं. महिन्यातून एकदा अर्धा तास, वही मध्ये ठेवून बसा. मागच्या महिन्यात काय झालं, पुढच्या महिन्यात कोणते मोठे खर्च आहेत, एवढंच बोलायचं. कुणी किती उडवले ही उलटतपासणी करायची नाही, नाहीतर पुढच्या महिन्यात कुणी बसणार नाही. दोघांनाही दर महिन्याला थोडी रक्कम अशी असू द्या जिचा हिशोब कुणी मागायचा नाही. मुलांनाही जवळ बसवा. पैशाबद्दल कुजबुजत बोलणाऱ्या घरातली मुलं पैशाला भ्यायला शिकतात.

आणि एक फाइल करा. बँक खाती, विम्याच्या पॉलिसी, कर्जाची कागदपत्रं, गुंतवणुकीच्या पावत्या, प्रत्येकावर वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते. पासवर्ड त्यात लिहू नका. पहिल्या पानावर एक यादी घाला: काय आहे, कुठे आहे, कुणाला भेटायचं. आमच्या फाइलच्या पहिल्या पानावर शेवटची दुरुस्ती केल्याची तारीख पेन्सिलने लिहिलेली असते. दर वर्षी निव्वळ मूल्याचा कागद करते त्याच दिवशी ती खोडून नवी घालते, आणि फाइल कपाटात नेमकी कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी हात लावून दाखवते.